उष्टा नमुना

प्रल्हाद सबनीसच्या आईचं नाव रेखा. प्रल्हाद सबनीसला जन्म दिला तो मात्र अंजनी नावाच्या बाईने. दोन्ही गोष्टी सरकारी कागदांवर सही-शिक्क्यानिशी आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

यात काही गैर आहे असं मिरजेपासून पुण्यापर्यंत कुणालाही वाटलं नसतं. लग्नात मुलीचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. मिरजेच्या वामनराव चिटणिसांनी लेकीचं पहिलं बाळंतपण हौसेने केलं आणि नातू झाल्याच्या आनंदात स्वतः नगरपालिकेत जाऊन जन्माची नोंद केली. कारकुनाने आईचं नाव विचारलं. वामनरावांनी वीस वर्षं ज्या नावाने हाका मारल्या तेच सांगितलं. तांदळात लिहिलेलं नाव त्यांच्या लक्षात राहिलं नसेल, किंवा राहूनही पटलं नसेल. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, की हा नातू पुढे कॉम्प्युटर शिकून सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनला जाऊन राहील आणि आईला कायमचं जवळ ठेवून घेण्यासाठी व्हिसाचा अर्ज करील.

अर्ज गेला आणि व्हिसाच्या कचेरीतून विचारणा आली: आपल्या जन्मदाखल्यातली अंजनी आणि सोबत जोडलेल्या पासपोर्टातली रेखा यांचा परस्परांशी संबंध काय? प्रल्हादने सविस्तर उत्तर लिहिलं. त्यात माहेर आलं, सासर आलं, तांदूळ आले, अंगठीही आली. लग्नाचा दाखला जोडा, असं उलट आलं. पन्नास वर्षांपूर्वी जेवणावळी उठल्या की लग्न झालं असं समजत, दाखला कोण काढतो? बरं, लग्नाला हजर असलेल्या कुणाचं प्रतिज्ञापत्र जोडावं तर त्या मांडवातली एकच व्यक्ती आता हयात होती, आणि संशय नेमका तिच्यावरच होता. शेवटी फार नम्र भाषेत एक ईमेल आलं. माता-पुत्रांनी वाटल्यास डीएनए चाचणीचा विचार करावा. 'वाटल्यास विचार करावा' असं इंग्रजीत म्हटलं की ते केल्यावाचून सुटका नसते, हे प्रल्हादला नोकरीतल्या अनुभवाने ठाऊक होतं.

"म्हणजे मी तुझी आई आहे हे कोण सांगणार? मशीन?" आईने विचारलं.

"हो."

"आणि मी सांगितलेलं?"

"ते चालत नाही."

आईने हातातली मेथीची जुडी न निवडताच खाली ठेवली. त्याचा अर्थ प्रल्हादला तेव्हा कळला नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका कंपनीत सोल्यूशन आर्किटेक्ट असताना, आपण आपल्याच आईचे आहोत हे सिद्ध करावं लागतंय, या अपमानातच तो गुंतला होता.

पण अपमान गिळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आई आली होती तीन महिन्यांसाठी. मेतकूट, गोडा मसाला आणि नात उर्वीसाठी दोन परकर-पोलकी घेऊन आली आणि मागोमाग देशाच्या सीमा बंद झाल्या. तेव्हाची बारा वर्षांची उर्वी आता चौदाची होत आली होती आणि पोलकी आखूड झाली होती. अर्ज फेटाळला तर आईला परत जावं लागणार होतं, कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, एकटीला. एकदा गेली की ती परत कधी येणार आणि हा तिकडे कधी जाऊ शकणार, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. शेजारच्या संजीवने मे महिन्यात आपल्या वडिलांचं शेवटचं सगळं फोनवर पाहिलं होतं, ते पाहताना फोन हातात धरून तो मागच्या अंगणात उभा होता. कुंपणाच्या या बाजूने प्रल्हादने ते पाहिलं होतं. ते आठवलं की त्याला रात्री झोप लागत नसे.

संजीवनेच आईला कढीपत्त्याचं एक रोप आणून दिलं होतं. ते महिनोन्‌महिने काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतच होतं. "जमिनीत लावा ना आई, चांगलं फोफावेल," मयूरा म्हणजे प्रल्हादची बायको सांगून थकली. आईचं उत्तर ठरलेलं, "ज्या झाडाची पानं मी तोडणार की नाही माहीत नाही, ते मी कशाला लावू? मेथी पेरते. ती लवकर येते."

डीएनएची बातमी संजीवला कुंपणावरूनच कळली. संजीव नाशिकचा. इथे शिकायला आला, शिकलेलं सोडून एका गोदामात सुपरवायझर झाला, इथल्यांसारखा ज्याला-त्याला 'मेट', म्हणजे मित्रा, म्हणू लागला, आणि लॉकडाउनमध्ये सल्ले द्यायला त्याला मोकळा वेळ मिळू लागला.

"सोपं आहे रे," मास्क हनुवटीवर ओढून तो म्हणाला. "केस आणि नखं. माझ्या मित्राच्या साडूने तसंच केलं होतं. आत्ताच गोळा करून फ्रिजमध्ये टाक, ताजे राहतात. नंतर धावपळ नको, मेट."

मित्राचा साडू हा मराठी माणसाच्या ज्ञानाचा फार मोठा आधार आहे. प्रल्हादने आईच्या फणीतले केस काढले, स्वतःच्या डोक्यावरचे, म्हणजे जे देण्यासारखे होते ते, काढले, दोघांची नखं कापली आणि सगळं दह्याच्या एका रिकाम्या डब्यात भरून फ्रिजच्या वरच्या खणात ठेवलं. आपल्या घरातल्या दह्याच्या डब्यात दही सोडून काहीही असू शकतं हे प्रत्येकाला माहीत असतं, तरी प्रत्येक जण झाकण उघडून बघतोच. दुपारी मयूरा विरजण शोधायला गेली.

तिची किंकाळी ऐकून प्रल्हाद सुट्टीच्या दिवशीही लागलेल्या मीटिंगमधून उठून धावला. उर्वीने सुट्टीतल्या मराठी शाळेच्या ऑनलाइन वर्गातून डोकं बाहेर काढलं, डब्यात पाहिलं, "इयू, बाबा, दॅट इज सो ग्रोस," म्हणाली आणि पुन्हा दार लावून घेतलं. पण खरा संताप आईला आला. नखं आणि केस घरात साठवायचे? तेही अन्नाशेजारी? आणि आज वार कोणता? शनिवार! शनिवारी कुणी नखं कापतं? "तरीच," ती म्हणाली. तरीच म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. 'ब्लॅकटाउन मराठी कट्टा' या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रकार संध्याकाळपर्यंत पोचला. दातांची कवळी पाठवा, असं एकाने सुचवलं. आईचे सगळे दात शाबूत असल्याचं प्रल्हादला जाहीर करावं लागलं.

सोमवारी लॅबला फोन केल्यावर कळलं, की नखं-केस काही चालत नाहीत. गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवायची. तीही आपली आपण नाही, मान्यताप्राप्त माणसासमोर, पासपोर्ट दाखवून. नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात प्रल्हादने फोन केला, तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, की तोंड उघडायचं कुठलंही काम सध्या बंद आहे. नेमकी त्याच वेळी मागे आई शिंकली. ती फोडणीमुळे शिंकली होती. पण फोडणीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेपर्यंत त्या बाईने दोघांना कोविड टेस्ट करून घ्यायला बजावलं होतं.

मग ती टेस्ट. गाड्यांच्या रांगेत पाच तास. रांगेतून बाहेर पडता येईना आणि गाडीतला फराळ पहिल्या तासातच संपला. पुढच्या गाडीत एक पंजाबी कुटुंब होतं, त्यांनी मागे पराठे पाठवले, "आंटीजी के लिये." नाकात काडी गेल्यावर आईला वाटलं, झालं एकदाचं. "कळलं का त्यांना?" ती घरी येताना म्हणाली. ही काडी वेगळी आणि ती काडी वेगळी, हे समजावताना प्रल्हादला हसूही येईना. निगेटिव्ह निकाल येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. तेवढ्यात व्हिसावाल्यांनी दिलेली मुदत संपत आली. प्रल्हादने मुदतवाढ मागितली. ती मिळाली, पण ही शेवटची असं बजावून.

अखेर लॅबनेच तोडगा काढला. लॉकडाउनपुरतं व्हिडिओवर नमुने घेता येतील. पाकीट घरी येईल, त्यांचा माणूस पडद्यावरून बघेल. क्रेग नावाचा तो माणूस अतिशय गोड होता. त्याने आधी तासभर काही खाऊ-पिऊ नका म्हणून सांगितलं. आईचा सकाळचा दुसरा चहा चुकला आणि ती सतीचं वाण घेतल्यासारखी गंभीर होऊन कॅमेऱ्यासमोर बसली. गालात काड्या फिरल्या. आता काड्या स्वच्छ ग्लासात उभ्या करून हवेवर वाळू द्यायच्या, क्रेग म्हणाला. ओल्या काड्या बंद केल्या तर बुरशी येते आणि सगळं वाया जातं. म्हणून प्लॅस्टिक बिलकूल नको, कागदीच पाकीट. वाळेपर्यंत मी दुसऱ्या एका फॅमिलीला बघून येतो, मग माझ्यासमोर सील करा. नो वरीज.

प्रल्हाद तेवढ्यात एक मीटिंग उरकून आला. काड्या ग्लासात होत्या. त्याने त्या क्रेगसमोर कागदी पाकिटात घालून चिकटवल्या, सही केली, आणि पाकीट कुरियरने गेलं. त्या संध्याकाळी त्याने स्वतःहून चहा केला आणि अंगणातल्या खुर्चीत पाय पसरून बसला. फार दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात क्रेगचा फोन आला. तो शब्द शोधत होता.

"प्रल्हाद, मेट, आय हॅव टू आस्क... काड्या तुम्ही खरंच तोंडात घातल्या होत्या ना?"

"तुमच्यासमोर घातल्या होत्या."

"कारण दोन्ही नमुन्यांत काहीच सापडलं नाही. म्हणजे कुणाचंच काही नाही. लॅबच्या मते या काड्या कुठल्याही माणसाच्या तोंडात गेलेल्या नाहीत."

आतापर्यंत प्रल्हाद आपल्या आईचा मुलगा नव्हता. आता तो माणूसही राहिला नाही. तो स्वयंपाकघरात गेला. आई कणीक मळत होती.

"आई, त्या दिवशी त्या काड्या ग्लासात ठेवल्या होत्या. तू त्यांना हात लावलास का?"

"धुतल्या," आई म्हणाली.

"धुतल्या?"

"गरम पाण्याने. आणि ते लिंबाच्या वासाचं आहे ना, भांड्यांचं, ते थेंबभर घालून. परक्या माणसाला उष्टं कसं पाठवायचं? तेही सरकारी कामात! तुझ्या आजोबांनी पोस्टाच्या तिकिटाला कधी जीभ लावली नाही, पाण्याचं बोट फिरवायचे. आणि तू तोंडातल्या काड्या तशाच पाठवायला निघालास."

प्रल्हादने ओट्याला हात टेकला. मयूरा आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, उष्टंच हवं होतं हो त्यांना." आणि बाहेर जाऊन बराच वेळ हसत राहिली. ती हसतेय की रडतेय हे आतून कळत नव्हतं. लॉकडाउनमध्ये त्या दोन्हींत फारसा फरक उरला नव्हता.

आता व्हिडिओ बंद. लॅबने स्पष्ट सांगितलं, प्रत्यक्ष या. वेस्टमीडला हॉस्पिटलच्या भागात त्यांचं सेंटर होतं. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते, म्हणजे ही शेवटची संधी होती. पाच किलोमीटरच्या पलीकडे कारणाशिवाय जायचं नाही असा तेव्हा नियम होता, म्हणून प्रल्हादने लॅबचं पत्र, दोन्ही पासपोर्ट आणि वामनरावांनी करून ठेवलेला तो जन्मदाखला बरोबर घेतला. वाटेत पोलिसांनी थांबवलंच.

"कुठे निघालात, मेट?"

प्रल्हाद इतका थकला होता, की त्याच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "ही माझी आई आहे हे सिद्ध करायला."

पोलिसाने वाकून आत पाहिलं. मागच्या सीटवर आई, इरकली साडी, स्वेटर आणि मास्क अशा वेषात, हात जोडून बसली होती. "शी लुक्स लाइक अ मम टू मी," तो म्हणाला आणि गाडी सोडली. हेच वाक्य तो शिक्का मारून लिहून देईल का, असं विचारावं की काय, असं प्रल्हादला क्षणभर वाटलं.

सेंटरच्या कार पार्कमध्ये गाडी लावून प्रल्हादने मागे वळून पाहिलं. आईचा मास्क हलत होता.

"आई, तोंडात काय आहे?"

"काही नाही."

"मास्क काढ. आ कर."

आईने आ केला. जिभेवर बडीशेप होती. मूठभर.

"आई! तासभर काही खायचं नाही म्हणून घरून तीनदा सांगितलं होतं!"

"विसरले," आई म्हणाली. पण ते तिने खिडकीबाहेर पाहत म्हटलं, आणि प्रल्हाद तिला अठ्ठेचाळीस वर्षं ओळखत होता. आई विसरत नसे. कोण कुणाच्या मुंजीला काय नेसलं होतं तेसुद्धा तिला पाठ असायचं.

आत जाऊन तो तासाभराने येतो म्हणून सांगून आला. परत येऊन मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसला.

"तुला इथे राहायचं नाही का?" त्याने विचारलं. "तसं असलं तर सांग. मी रागावणार नाही. पण हे काड्या धुणं आणि बडीशेप नको."

"राहायचं नसतं तर सरळ सांगितलं असतं. तुला काय भिते की काय?"

"मग?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तू झालास ना मिरजेला, त्या दिवशी दवाखान्यात दिवे गेले होते. माझ्या बाजूला एक जयसिंगपूरची बाई होती. तिलाही त्याच वेळी मुलगा झाला. आया कंदील घेऊन आली, दोन्ही हातांत दोन गाठोडी. दोन्हीला सारखंच धडुतं. एक माझ्याजवळ दिलं आणि म्हणाली, हा तुमचा. मी घेतला."

प्रल्हाद सीटवर तिच्याकडे वळून बसला.

"तुझं नाक कुणासारखंच नव्हतं. सगळे म्हणायचे, कुणावर गेलाय कळत नाही. तुझे बाबा हसायचे, म्हणायचे, जयसिंगपूरवर गेलाय. चेष्टाच होती ती. मला कधी आठवलंसुद्धा नाही रे, इतक्या वर्षांत एकदाही नाही. तुझी दुखणी, तुझ्या परीक्षा, तू इकडे यायला निघालास तेव्हाचं विमानतळ, आठवायला वेळ कुठे होता? त्यांचं ते पत्र आलं आणि आठवलं." तिचे डोळे भरून आले होते. "मशीनने नाही म्हटलं तर?"

"तर काय? मी तुला सोडणार आहे का?"

"तू नाही रे सोडणार. व्हिसावाले सोडतील विमानापर्यंत." तिने मास्क वर करून नाक पुसलं. "आणि तुझ्या तोंडावर तसं काही दिसणार नाही, पण तू एकदा तरी विचार करशील, की मग ती कोण. म्हटलं, धुऊन टाकावं. काहीच नाही कळलं म्हणजे बरं."

हिंदी सिनेमात हे बघून प्रल्हाद पोट धरून हसला असता. इथे हसण्यासारखं काही नव्हतं. या म्हातारीने आठवडेच्या आठवडे ही भीती एकटीने, कणकेबरोबर मळली होती, आणि तो अपमान, मुदत आणि क्रेग करत बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिचा हात हातात घेतला. हात नेहमीसारखाच खरखरीत होता आणि त्याला बडीशेपेचा वास येत होता.

"आई, काडी तोंडात घेऊ या. नाही म्हणाले तर आपण दोघं मिळून बघू. पण काहीच केलं नाही तर ते नक्की नाही म्हणतील."

आईने मान हलवली. उरलेल्या वेळात तिने त्याला त्या जयसिंगपूरच्या बाईबद्दल सगळं सांगितलं. ती फार रडत होती म्हणे, आणि तिला भेटायला कुणी आलं नव्हतं.

तास भरला. पांढऱ्या पोशाखात आणि चष्म्यात पार बुडालेली एक मुलगी दारात आली आणि दोन्ही नावं लिहिलेला हातातला कागद लांब धरून तिने हाक मारली, "अंजनी?"

आईचं ते नाव मिरजेबाहेर कुणी उच्चारलं नव्हतं. मिरजेत उच्चारणारेही आता कुणी नव्हते. आई गाडीतून उतरली, ताठ उभी राहिली आणि शाळेत म्हणायची तशी म्हणाली, "हजर!"

काडी फिरवून झाल्यावर मुलीने ती वाळवायला ठेवली. आईने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "नंतर धुऊ नको हां, बाळ," ती मराठीत म्हणाली. मुलीने मान डोलावली.

मग वाट बघणं आलं. आता भीती दोघांची झाली होती, त्यामुळे आईला जरा हलकं वाटत होतं आणि प्रल्हादची झोप उडाली होती. दिवसभर झूमवर लोक बोलत असायचे आणि हा कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःचं नाक बघत बसायचा. अशातच उर्वीचा बायॉलॉजीचा धडा आनुवंशिकतेवर आला.

"बाबा, कम हिअर. तुझ्या इअरलोब्ज गालाला अटॅच्ड आहेत. आजीच्या फ्री आहेत. दॅट्स सो वीअर्ड."

प्रल्हाद भिंतीसारखा पांढरा पडला. मयूराने त्याला आत ओढलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं. त्याने मिरज, कंदील, धडुतं सगळं एका दमात सांगितलं. मयूरा पलंगावर बसली. दोन वर्षं एकाच घरात नवरा, सासू, मुलगी आणि स्वतःची नोकरी सांभाळून ती अशी बसायला शिकली होती.

"पन्नास वर्षं कुड्या घातल्यात आईंनी. पाळ्या लोंबतील नाही तर काय होईल?" ती म्हणाली. "आणि ऐक. तुम्ही दोघंही फ्रिज उघडता आणि कशाला उघडला ते विसरून दार धरून उभे राहता. दोघंही मीठ कमी पडलं तर माझ्याकडे बघता, आमटी कुणीही केलेली असो. त्या मशीनला मी फोन करून सांगू का?"

निकालाचं ईमेल शनिवारी आलं. पुन्हा शनिवार! आईने प्रल्हादला ते उघडू दिलं नाही. "आधी देवापुढे ठेव." फोन कपाटातल्या देवांपुढे ठेवला गेला. आईने त्याला हळदीकुंकू वाहिलं, त्यातलं थोडं चार्जिंगच्या भोकात गेलं. निरांजन लावलं, आणि धूपही घातला, भरपूर. चौघं हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला.

उर्वी टॉवेल हलवत खाली-वर उड्या मारू लागली. मयूराने खिडक्या उघडल्या. शेजारून संजीव ओरडला, "फायर ब्रिगेडला बोलावू का?" त्या गोंधळात प्रल्हादने कुंकवाने माखलेला फोन उचलला, ईमेल उघडलं, दोनदा वाचलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला,

"आहेस! आई, तूच आहेस!"

भोंगा थांबला. आई देवापुढेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली. उर्वी टॉवेल टाकून तिच्या गळ्यात पडली. प्रल्हाद शेजारी जमिनीवर बसला.

बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले. "किती म्हणाले?"

"नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव टक्के. पुढे अजून नऊच नऊ आहेत."

"मग उरलेलं?"

"उरलेलं म्हणजे काही नाही गं. मशीन शंभर कधीच म्हणत नाही. त्यांची पद्धत आहे ती."

आईने जरा विचार केला. "राहू दे," ती म्हणाली. "तेवढं त्या जयसिंगपूरच्या बाईला राहू दे बिचारीला."

महिन्याभराने व्हिसावाल्यांचं उत्तर आलं. रेखा आणि अंजनी या एकच आहेत आणि त्या अर्जदाराच्या आई आहेत, हे त्यांना मान्य होतं. अर्ज आता रांगेत लागला होता. आजमितीस या रांगेत निर्णय व्हायला अंदाजे तीस वर्षं लागतात, असंही त्यांनी तितक्याच नम्रपणे कळवलं होतं. हे आईला कसं सांगावं या विचारात प्रल्हाद नीट जेवलाही नाही. शेवटी अंगणात मेथी खुडत बसलेल्या आईपुढे त्याने ते वाचून दाखवलं.

"तीस वर्षं," आई म्हणाली. "म्हणजे मी शंभरीची होईन तेव्हा हे हो की नाही ते सांगणार?"

"हो."

"आणि तोवर मी कुठे राहायचं?"

"तोवर इथेच राहायचं. तसं लिहिलंय त्यांनी."

आईने खुडलेली मेथी पदरातून टोपलीत टाकली, गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि भिंतीकडेची काळी कुंडी ओढत कुंपणाजवळ आणली. कढीपत्त्याची मुळं कुंडीच्या भोकांतून बाहेर आली होती.

"कुदळ आण," ती म्हणाली. "खड्डा खोल खण हो, हात राखून खणू नकोस. मोठं झाड होतं याचं."

प्रल्हादची मीटिंग सुरू झाली होती. त्याने फोन म्यूट केला आणि खणायला लागला.